खानावळीसाठी जयगडच्या बाजूला, रापणीवर

ऐंशीच्या दशकात, बहुधा त्र्याऐंशी साली, मी रत्नागिरीहून जयगडच्या बाजूला दोन दिवसांसाठी गेलो होतो. किल्ला बघायला नव्हे, मासे ठरवायला. तिकडे जायचा विचार करणाऱ्याला यातून थोडी माहिती मिळेल, पण काही गोष्टी मला तेव्हा कळल्या नाहीत आणि वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर आजही नीट कळलेल्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडीतळाच्या मागे आमची खानावळ होती. महिनेवारीचे चोवीस जण जेवायचे: कचेरीतले कारकून, दोन कंपाउंडर आणि एक शाळामास्तर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत. मासे एक व्यापारी आणून टाकी. रोज सुरमई नाहीतर पापलेट, बर्फातले. ते कुठून येतात, किती दिवसांचे असतात, मी कधी विचारले नाही. विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. दिवाळीनंतर त्या सुरमईने गुरुजी दोन दिवस अंथरुणावर पडले. मग सगळ्यांनी मिळून मला सांगितले, की ताजा मासा कुठून आणता ते कळू द्या, नाहीतर एक तारखेपासून आम्ही दुसरीकडे जेवू.

स्वयंपाक माझी बायको सुमन करी. मी व्यापाऱ्याकडे जायला निघालो तशी ती म्हणाली, "अहो, त्याला विचारून काय होणार? जाळं ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारा." ते मला पटले आणि त्याची भीतीही वाटली. मी असा कुणाकडे बोलणी करायला कधी गेलो नव्हतो.

सोमवारी दुपारची जयगड एसटी धरली. दोन वेताच्या टोपल्या, मिठाची पुरचुंडी आणि भुशात घातलेला बर्फाचा गोणपाट. बर्फ आदल्या दिवशी नेऊ नये एवढे साधे मला सुचले नाही, घाई झाली होती. तुम्ही मासे आणायला जाणार असाल तर रिकामी टोपली न्या, बर्फ तिकडे बघता येतो. निवळी फाट्याला गाडी वळली तोवर सीटखालून पाणी वाहू लागले होते, आणि जाकादेवी येईपर्यंत पुढच्या बाकावरच्या म्हातारीच्या वहाणा भिजल्या. कंडक्टर म्हणाला, गाडीत बर्फाचं तिकीट असतं का, मग भिजलेल्यांचं भाडं तुम्ही भरा. लोक हसले. मी खरेच पैसे काढले, तर तो अजून हसला. तो चेष्टा करत होता की नाही हे चाफे गावाच्या पुढे गेल्यावर लक्षात आले.

जयगडच्या अलीकडे उतरलो आणि सड्यावरून, म्हणजे कातळाच्या मोकळ्या माळावरून, अर्धा तास चाललो. वाट विचारत गेलात तर चुकणार नाही, मी दोनदा चुकलो. खाली किनाऱ्याला खारव्यांची, म्हणजे मच्छीमारांची, वाडी होती. रापणीचा प्रमुख गंगाराम तांडेल, साठीचा, शांत माणूस. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, पहाटे जाळे लागेल, आधी वाटे होतील, मग जो ढीग विकायचा असतो तो व्यापाऱ्याऐवजी तुम्ही घ्या, भाव तोच. मुक्कामाला त्याचीच ओटी. रात्री भाकरी, तारल्यांचे कालवण आणि वर सोलकढी, यासाठी काही घेतले नाही. मला झोप लागली नाही. भाव तोच म्हणजे कोणता, हे विचारायचे राहून गेले होते.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी लांब जाळे घेऊन समुद्रात अर्धा फेर मारते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणते. मग दोन रांगांत बाया, पुरुष, म्हातारे असे सगळे मिळून ओढतात. उजाडताना ओढणे सुरू झाले. मी टोपल्या घेऊन बाजूला उभा होतो. जाळे जड होते, डावीकडच्या रांगेत माणसे कमी होती, पाय वाळूत रुतत होते. मला उभे राहणे बरे वाटेना. आणि खरे सांगायचे तर अशाने उशीर होऊन माझी नऊची गाडी चुकेल, हीही काळजी होती. मी टोपल्या ठेवल्या आणि दोर धरला. तांडेलाची भावजय, भागी वहिनी, माझ्या पुढे होती. तिने मागे वळून एकदा बघितले.

जाळे बाहेर आले. बांगडे, तारल्या, मांदेली, थोड्या मुडदुशा. सुरमई एकही नाही. वाळूवर ढीग पडू लागले: होडीचा, जाळ्याचा, देवाचा, एक विकायचा, आणि मग ओढणाऱ्या प्रत्येकाचा. एक पांगळा म्हातारा दोराला नुसता हात लावून बसला होता, त्याचाही ढीग तेवढाच. मला हे बरोबर वाटेना आणि चूकही म्हणता येईना. तांडेल समुद्राकडे तोंड करून, ढिगांना पाठ देऊन उभा राहिला. एक जण एकेका ढिगाला बोट लावून विचारी, हा कोणाचा, आणि तांडेल न बघता नाव सांगे. शेवटचा ढीग उरला. तांडेल जरा थांबला. माझे नाव त्याला माहीत नसावे.

"खानावळीचा," तो म्हणाला.

मी आभार मानले आणि विकायच्या ढिगाकडे टोपल्या नेल्या. तांडेलाने हात आडवा केला. "तो नाय मिळायचा आता. तुम्ही दोर धरलात."

मला वाटले माझ्याकडून काही विटाळले. मी म्हणालो, मदत म्हणून धरला, मला वाटा नको, तो परत घ्या, मला विकत द्या, चोवीस माणसे जेवायची आहेत.

भागी वहिनी म्हणाली, "हात लावलात नि आता धुवून टाकताय व्हय?" बाया हसल्या.

तांडेल हसला नाही. "वाटेकरी नि गिऱ्हाईक एकच झाला तर भाव कोण कोणाला सांगणार? तुम्ही दोन्ही अंगांनी बोलाल. म्हणून आमच्यात वाटेकऱ्याला विकत नाय. पुढल्या सोमवारी या, लांब उभे राहा. नि सुरमई मागायची नाय. जाळ्यात येईल ते न्यायचं."

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? तो विकायचा ढीग माझ्या डोळ्यांदेखत एका सायकलवाल्याने नेला. माझ्या वाट्याला अकरा बांगडे, दोन मुठी मांदेली, थोड्या तारल्या. दोनदा मोजले. नऊची गाडी मिळाली. गाडीत मी एकच विचार करत होतो, की दोर धरला नसता तर दोन टोपल्या भरून निघालो असतो, आणि धरला नसता तर तिथे टोपल्या घेऊन तसाच उभा राहिलो असतो. यातले शहाणपणाचे काय, हे सुमनला विचारायचे ठरवले. तिने ऐकले आणि विचारले, "तिरफळं आहेत ना घरात?"

रात्रीच्या पंगतीला तिने बांगड्याचे तिरफळ घालून कालवण केले, प्रत्येकाला अर्धा बांगडा. बावीस जणांना पुरला, दोघांना तारल्या वाढल्या. मी उभा राहून सगळी हकिगत सांगितली, पण आधी वाट्याची सांगितली आणि मग दोराची, त्यामुळे कुणाला धड समजेना. एक कारकून म्हणाला, "फणस आणायला गेले नि कुयरी घेऊन आले." पुढल्या सोमवारपासून काय येईल ते मलाही ठाऊक नसेल, सुरमई मिळेलच असे नाही, हेही मी सांगितले. एक तारखेला चौघे गेले. मी तर सगळेच जातील असे धरून चाललो होतो.

गुरुजी त्या रात्री कधी नव्हे ते काटा चोखत बसले होते. हात धुताना त्यांनी विचारले, "परत कधी मासे?"

"मंगळवारी. पण कुठले ते माहीत नाही, गुरुजी."

"मग यायला हवं," ते म्हणाले.

व्यापारी बंद केला. आठवड्यातून एकदाच मासे, बाकी दिवस कुळथाची पिठी आणि उसळी. रिकाम्या झालेल्या चार जागा वर्षभरात भरल्या. पुढे बारा वर्षे मी सोमवारी जात राहिलो आणि पहाटे सांगितल्याप्रमाणे लांब उभा राहिलो. टोपल्या भरून आणल्या. त्या दिवशी त्यांनी मला नाकारले की आपल्यात घेतले, हे कुणाला विचारायचे धाडस झाले नाही, आणि आता विचारायला तिकडे कोणी राहिलेही नसेल.

जाळे जड आले की मात्र माझा हात नकळत पुढे जाई. मग मी दोन्ही हातांनी टोपलीचा काठ घट्ट पकडून ठेवी. भागी वहिनीला ते बरोबर दिसे. दोर ओढता ओढता ती म्हणे, "धरा, धरा. टोपलीच धरा."