धुक्याला दुहेरी अस्तर

माझे काका पडदे शिवतात. खिडकीचं माप कुणी तोंडी सांगितलं तर ते घेत नाहीत. स्वतः जाऊन, फीत लावून, दोनदा मोजतात. पडद्यांना ही सवय शोभते. पण माणूस संसारही दोनदा मोजून करायला लागला की काय होतं, ते मी त्यांच्या घरात राहून पाहिलं आहे.

आमच्या गच्चीवरून एक डोंगर दिसतो. बसनं तासाभरात पायथा. लग्न झाल्यापासून काकूला त्याच्या माथ्यावर जायचं होतं. काका कधी नाही म्हणाले नाहीत. "जाऊ एखाद्या रविवारी, जरा तयारी होऊ दे," म्हणायचे. ती तयारी अशी चालली, की बसमध्ये खिडकीशी कोण बसणार यावरून दोघांत एकदा आठवडाभर अबोला झाला. बाजारात तुरी, दुसरं काय! मग डॉक्टरांनी काकूचे गुडघे तपासले आणि सांगितलं, की चढायचं असेल तर यंदाच चढा, पुढचं काही सांगता येत नाही.

कुठलाही शहाणा माणूस त्याच रविवारी निघाला असता. काकांनी तालीम लावली.

तालीम आमच्याच इमारतीच्या जिन्यात. पाठीवर सॅक, पायात बूट, गळ्यात शिट्टी. तिसऱ्या मजल्यावर झरा आहे असं समजायचं आणि बाटल्या भरल्या असंही समजायचं. गच्ची म्हणजे माथा. गच्चीखालच्या मजल्यावर दातांचे एक निवृत्त डॉक्टर एकटेच राहायचे. पहिल्या दिवशी ते आवाजानं वैतागून बाहेर आले. काकांनी त्यांना तिथल्या तिथे गुराखी करून टाकलं. डोंगरात गुराखी भेटतो, त्याला वाट विचारायची असते. डॉक्टरांना हे फारच मानवलं. पुढच्या रविवारी ते डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात काठी घेऊन दारात तयार.

"माथ्याकडे वाट कुठली?" काकांनी विचारलं.

"माथा आज बंद आहे. रविवारी या."

"आज रविवारच आहे."

"मग पुढच्या."

आणि आम्ही तीन शिकलीसवरली माणसं माथा बंद म्हणून घरी परतलो.

पुढे काकांना धुक्याची काळजी लागली. दुकानातून पांढरं जाळीचं कापड आलं. ते तोंडावर ओढून चढायचं. "यातून सगळं दिसतंय," असं काकू चुकून बोलली, तर काकांनी धुक्याला दुहेरी अस्तर लावलं.

"अहो, पण खरा डोंगर कधी?" काकूनं विचारलं.

"तुझ्या गुडघ्यांसाठीच चाललंय ना हे सगळं?"

ते खोटं नव्हतं. तिला काही झालं तर, या विचारानं माणूस आतून हादरला होता. पण भीती वाटते असं सरळ सांगायचं सोडून जिन्यात शिट्ट्या फुंकत होता, याचा मला संताप यायचा.

एका रविवारी उठून बघते तर काकू घरात नाही. "आपल्याआधी चढायला लागली, उत्साह बघ तिचा," काका खुशीत म्हणाले. धुकं पांघरून आम्ही निघालो. झऱ्याशी ती नव्हती, माथ्यावरही नव्हती. काका मजल्यामजल्यावर शिट्टी वाजवत फिरले. गुराख्यानं काठीनं दिशा दाखवली, ती त्याच्याच स्वयंपाकघराची निघाली. सकाळ सगळी यातच गेली. मग फोन वाजला.

"अहो, मी वर पोचले."

"कितव्या मजल्यावर?"

"डोंगरावर. पहिल्या बसनं आले. काय वारा आहे इथे!" मग ती म्हणाली, "पण उतरता येत नाहीये. गुडघे वाकतच नाहीत."

काकांनी तोंडावरचं धुकं ओरबाडून काढलं. इतक्या रविवारांत उतरायची तालीम आम्ही एकदाही केली नव्हती. चढून झालं की सगळे लिफ्टनं खाली यायचो.

सॅक जिन्यातच टाकून काका धावले, मी त्यांच्यामागे. डोंगर ते असे चढले, की मला गाठता येईना. काकू एका दगडावर बसली होती. काकांनी आजूबाजूला बघितलंही नाही, खाली बसून तिचे गुडघेच दाबायला घेतले.

"रागवा ना," ती म्हणाली.

"घाबरलो होतो गं," काका म्हणाले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

मग काका पुढे आणि त्यांच्या खांद्यांवर हात टाकून काकू मागे, असे आम्ही एकेक पाऊल टाकत उतरलो. पायथ्याशी येईपर्यंत संध्याकाळ झाली. काकू कळवळत होती आणि हसतही होती.

गुडघ्यांच्या डॉक्टरांनी त्यानंतर तिला चढ कायमचा बंद केला. परवा ती आतल्या खोलीत फोनवर कुणाला तरी त्या वाऱ्याबद्दल सांगत होती. काका दाराशी उभे राहून ऐकत होते.

"हिचे पाय धड होते तेव्हाच न्यायला हवं होतं गं," ते मला हळूच म्हणाले.

मी त्यांची समजूत घातली नाही.