शाकारणीच्या दिवशीचा सिनेमा

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही चुकत, आता तर विचारूच नको, आणि अक्षर वाकडे होते ते वाकडेच राहिले. तेवढे पोटात घाल. तुझ्या वडिलांच्या सिनेमाची हकीगत चारचौघांत सांगायला मला जमत नाही, म्हणून तुझ्यापुरती लिहून ठेवते.

तुझे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, मुंबईला एका फोटोवाल्याकडे कामाला होते. सिनेमे तेव्हा मुके असत. आपणही एक काढावा असे त्यांच्या मनाने घेतले. सासूबाईंनी घरावर मंगलोरी कौले घालायला आंब्याच्या उत्पन्नातून पैसे साठवले होते, ते त्यांनी दिले. "धाकट्या, घराचं छप्पर देत्ये तुला," एवढेच म्हणाल्या. गावात ते सगळ्यांना कळले. विहिरीवर एक शेजारीण मला म्हणाली, "काय गो, यंदा कौलं पडद्यावर घालणार वाटतं?" मी घागर उचलून घरी आले.

वैशाखात भावजी मंडळी घेऊन आले. एक वयस्क कॅमेरावाले, एक नट आणि मुंबईची एक गाणारी बाई. समुद्रावरची आणि बागेतली चित्रे निघाली. राहिले एकच, आणि सगळी गोष्ट त्याच्यावर उभी होती. रात्र आहे आणि माजघरात समईपुढे बसून बाई नवऱ्याची वाट पाहते आहे. ते दिवसा काढायचे होते. सासूबाई म्हणाल्या, "रात्र हवी तर रात्री काढ की रे. उन्हात समई कशाला जाळतोस?" भावजींनी सांगितले की समईचा उजेड कॅमेऱ्याला पुरत नाही, त्याला ऊन लागते. विजेचे दिवे आणायला पैसे नव्हते, आणि आणले असते तरी आमच्याकडे वीज कुठे होती?

फळ्यांवर चकचकीत बेगड चिकटवून त्यांनी अंगणातले ऊन दारातून आत फेकून पाहिले. ओटीपर्यंत ते नीट आले आणि माजघराच्या उंबऱ्याशी विरले. त्या माजघरात भर दुपारी तांदूळ निवडायचे तरी सूप घेऊन दाराशी यावे लागे. कॅमेरावाल्यांनी आत फिरून पाहिले. म्हणाले, इथे काळोखाशिवाय काही उमटणार नाही, मुंबईत असली चित्रे बिनछपराच्या खोलीत काढतात. परवाच्या बोटीने मंडळी परत जाणार होती. भावजी पडवीत डोके धरून बसले. छपराचे पैसे घेतलेल्या माणसाने आईला छप्पर काढ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

शाकारणी जवळ आलीच होती. नवी कौले काही येणार नव्हती, तेव्हा जुनीच उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची होती. गडी दरवर्षी पडवीपासून सुरुवात करीत. जेवणे झाल्यावर मी सासूबाईंना हळूच म्हटले, "यंदा माजघरापासून सुरुवात केली तर? उद्याच?" मी आपण होऊन असे कधी बोलत नसे. त्यांनी विचारले,

"त्याने शिकवलंन होय तुला?"

मी नाही म्हटले.

"एक दिवस," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला कौलं वर दिसली पाहिजेत."

सकाळी गडी वर चढले. काजळी, उंदरांची घरटी, पालापाचोळा सगळे खाली आले आणि मागोमाग ऊन आले. लग्न होऊन आल्यापासून मी त्या खोलीत वावरत होते, पण ती अशी कधी पाहिली नव्हती. आम्ही बायका टेकून बसत असू तिथे भिंतीवर डोक्याच्या तेलाचे काळे डाग एकाशेजारी एक पडलेले होते. परक्यांना घरातली जळमटे दिसली म्हणून सासूबाई इतक्या ओशाळल्या की स्वतः केरसुणी घेऊन आल्या आणि झाडून होईपर्यंत त्यांनी कोणाला आत येऊ दिले नाही.

कौले गेली तरी वाशे आणि रिपा होत्याच. त्यांच्या सावल्या तुरुंगाच्या गजांसारख्या खाली पडल्या. आता वर पातळ पांढरे कापड हवे होते. घरातली धोतरे बांधून पाहिली, तर प्रत्येक ठिगळाची सावली पडे. तेव्हा मुंबईला नोकरीला असलेल्या तुझ्या काकांना पाठवायचे नवे धोतर सासूबाईंनी पेटीतून काढून दिले. खळीमुळे त्यातून उजेड येईना. मी ते विहिरीवर नेऊन खळ धुऊन काढली. तापलेल्या चिऱ्यांवर ते लगेच सुकले. वर बांधले तशी उन्हाची धार गेली आणि सावल्या विरल्या.

बेगडाच्या फळ्या कुठे धरायच्या ते ठरवायला कोणीतरी पाटावर बसायला हवे होते. गाणाऱ्या बाईंना आधीपासून बसवले असते तर घामाने त्यांच्या तोंडाचा रंग उतरला असता, म्हणून त्या बाहेर फणसाखाली थांबल्या होत्या. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसता का? चित्र काढणार नाही. नुसता उजेड बघायचाय."

परक्या पुरुषांसमोर, अशा उघड्या उजेडात! मी सासूबाईंकडे पाहिले.

"बस हो," त्या म्हणाल्या. "मान खाली घालून बस. वाट बघणारी बाई काय आढ्याकडे बघत्ये?"

मी बसले. कान नुसते तापले होते. कॅमेरावाले फळ्या धरणाऱ्यांना सांगत होते, वर, अजून वर, जरा मागे. एका गालावर उजेड ठेवून दुसरा त्यांना अंधारात हवा होता. भांड्याला कल्हई नीट बसली का हे पाहावे तसे ते पाहत होते. हे ध्यानात आल्यावर मला श्वास घेता आला.

गाणाऱ्या बाईंना उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही असे सासूबाईंनी आदल्या दिवशी बजावले होते. पण मी उठल्यावर सासूबाईंनी आपल्याच पदराने पाट पुसला आणि बाईंना "या" म्हटले. बाईंनी मला दारातून पाहिले होते. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही बसला होतात तशीच बसते हं." कॅमेऱ्याचा दांडा फिरू लागला. ऊन भिंतीवर चढायच्या आत काम झाले, आणि दिवेलागणीपूर्वी कौलेही वर गेली.

चित्र चांगले उमटले, असे भावजींचे पत्र आले. सिनेमा एकदोन ठिकाणी तंबूत लागला. तोवर बोलपट आले आणि मुक्याला कोणी विचारीना. भावजी एका कंपनीत दिवे लावायच्या कामाला लागले आणि कौलांचे पैसे दर महिन्याला थोडे थोडे परत पाठवू लागले. पावसाळ्यात आम्ही माजघरात गळक्या जागी पातेली मांडून निजत असू, पण सासूबाईंनी त्यांना एकदाही तगादा लावला नाही. तुझे बारसे झाले त्या महिन्यातसुद्धा मनिऑर्डर चुकली नाही.

शेवटची आली तेव्हा पोस्टमन नेहमीसारखा ओटीवर टेकला. सासूबाईंनी त्याला पन्हे दिले. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "आजी, पुढच्या महिन्याला जरा गोड करा."

"पुढच्या महिन्याला कशाला येशील?" त्या म्हणाल्या. "फिटलं हो सगळं."