धुतलेली राख

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का बोलते — मलाही नीट सांगता यायचं नाही.

भोकरकडच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला ताठा आहे, तो मी लपवत नाही. नांदेडला रसायनशास्त्रात पीएचडीला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावर रेखा आली, लातूरकडच्या मुरुडची. तीही घरातली पहिलीच. मैत्री व्हायला आणखी काय लागतं? आणि हेवा वाटायला?

माझ्या प्रयोगाचा उत्प्रेरक परदेशातून यायचा. वाट बघून बघून बाटली हाती पडायची, आणि फ्लास्कच्या तळाशी उरायचं डांबर. रेखा काय वापरायची? आईच्या चुलीतली तुराट्यांची राख! तेवढ्यावर तिची अभिक्रिया घंटाभरात व्हायची. स्फटिक कसे — पांढरेशुभ्र. आमचे गाईड सर इतर विभागांतल्या लोकांना बोलावून दाखवायचे. मी कौतुक करायची. पोटात मात्र — जाऊ द्या.

राख संपली. तिची आई नवी पिशवी घेऊन आली तेव्हा रेखा बाहेर गेलेली, आणि मावशींना परतीची गाडी धरायची होती. पिशवी माझ्या हाती देत म्हणाल्या, “पयल्या राखेत लई कचरा व्हता, माय. ह्या बारीला दोन पाण्यात धुऊन, वाळवून आणली. एवढ्या मोठ्या कॉलेजात घाण कशी द्यावी?”

राखेत काम करतो तो क्षार, आणि तो पाण्यात विरघळतो. सगळा मोरीत वाहून गेला, हे मला उभ्या उभ्या कळलं. मी काय म्हणाले? “बरं केलंत, मावशी.”

रेखाला पिशवी दिली. धुतल्याचं सांगितलं नाही.

तिचा प्रयोग पुन्हा जमेना. तिनं घरी विचारलं, जळण तेच होतं का? तेच होतं. राख कुणी धुतं का, हे विचारायचं कुणाला सुचणार? नवी मागवली, तीही माऊलीनं धुऊनच पाठवली. सेमिनारमध्ये मागून कुणीतरी बोललं, “रेखाताई, आता भांडी घासा त्या राखेनं!” सगळे हसले. खरं सांगू? पहिली मी हसले.

तिनं विषय सोडला, मग पीएचडीच सोडली. लातूरला क्लासमध्ये शिकवते. पोरं तिला लई मानतात म्हणे — तेही ऐकवत नाही मला.

मी प्राध्यापक झाले. भाषणं ठोकते — बायका राखेच्या पाण्यानं कपडे धुवायच्या तेही रसायनशास्त्रच. आपण मात्र बाटलीवरचं परदेशी नाव बघून मान डोलावतो. संशोधन आपल्या मातीतून यावं. हे माझं खरंच मत आहे. ते कुणाचं काम पाहून बनलं, तेवढं सांगत नाही.

मागं एका लग्नात रेखा भेटली. शेजारी जेवायला बसली. हसत म्हणाली, “माझंच पहिल्यांदा कायतरी चुकलं असेल. चुलीच्या राखेत कुठं एवढा दम असतो गं?”

दम होता. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

“न्हाई तर काय,” मी म्हणाले, आणि वाढप्याकडून आणखी भात घेतला.