तुतीच्या अर्काची चोरी

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसतो. तेव्हा मी ग्वाल्हेरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका कॉलेजची तक्रार आली. तुतीच्या मुळांच्या सालीपासून काढलेला, चेहऱ्यावरचे वांगाचे डाग फिके करणारा अर्क लॅबच्या फ्रिजमधून थोडाथोडा नाहीसा होत होता. संशय तो अर्क तयार करणाऱ्या मुलीवरच होता. गुन्हा दाखल झाला असता तर तिची पीएचडी बुडालीच असती.

त्यातच खबऱ्यानं कळवलं, की नई सडकवर एक दुकानदार ‘लॅबवाली’ क्रीम विकतोय. छापा घातला, तर डब्यांत मुलतानी माती आणि हळद. गिऱ्हाईक ओढायला लॅबचं नाव वापरत होता गडी. खबर फुसकी निघाली, पण अर्क जातच होता.

मुलगी आपल्या मराठी घरातली. आईबरोबर ठाण्यात आली. सावळी आणि धीट.

"स्वतःला लावलंस का?" मी विचारलं.

"मला कशाला, काका? मी दाग घालवायची दवा शोधतेय, रंग घालवायची नाही. माझा रंग मला एकदम पसंद आहे."

चोर असं बोलत नाही. तो आधी देवाची शपथ घेतो.

मग लॅबमध्ये जबाब घ्यायला गेलो. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक सगळा वेळ उजवा गाल माझ्याकडे करून बसले. तोंड लपवणारे पुष्कळ पाहिले होते, अर्धंच लपवणारा हा पहिला. मी त्यांना खिडकीकडे वळवलं. उजवीकडचे डाग काळपट, डावीकडचे चांगलेच फिके.

"सर, एकाच गालाला का?"

ते ओशाळले. "दोन्हीकडे लावलं असतं तर फरक कशाशी ताडून बघणार? माझ्या मुलीच्या शादीत फोटो निघतील म्हणून सुरू केलं. माणसांवर लावायची इजाजत नव्हती, म्हणून गप्प बसलो."

"आणि पोरीवर आळ आला तेव्हा?"

ते तडक उठले. प्राचार्यांपुढे जाऊन त्यांनी लेखी कबुली दिली आणि तक्रार मागे घेतली गेली. मुलगी आधी भयंकर चिडली. मग सरांचा गाल उजेडात निरखून म्हणाली, "सर, तुम्ही चुकलात. लेकिन दवा काम करतेय."

आणि माझ्याबरोबर आलेले शिपाईसुद्धा हसले.

माणूस चोरी करतानाही आपला पेशा सोडत नाही, हे मी तिथं शिकलो. पुढे ती पोरगी पेढे घेऊन ठाण्यात आली. आरोपी म्हणून बसायची वेळ आलेल्या खुर्चीवर डॉक्टर होऊन बसली, आणि मी उठून तिला सलाम ठोकला.