खर्र्यापेक्षा बरं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही विलासला ओळखत नाही.

मी मुखरोगांचा प्राध्यापक. एका कंपनीने गालात ठेवायची ‘कमी धोक्याची’ तंबाखूची पुडी आणली. तिचे पुरावे तपासणाऱ्या समितीत मी होतो. आकडे खोटे नव्हते. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, पूर्ण सोडून पुडीवर आलेल्यांच्या लाळेत विषारी द्रव्यं खरोखरच कमी होती. पण ज्यांनी पुडीसोबत खर्राही चालू ठेवला, त्यांना निष्कर्षातून वगळलं होतं. आणि ज्याने तंबाखू सोडूनच दिली आहे, त्याने पुडी घेतली तर? — हे कुणी तपासलंच नव्हतं. मला तो प्रश्न सुचला होता. विचारला का? नाही. पुढच्या समितीवरही बोलावणं यावं, असं वाटत होतं. अहवालावर सही केली.

मग मनीषनगरला, मावसभाऊ विलासच्या घरी, जेवणाची पंगत. त्याने मोठ्या कष्टाने खर्रा सोडला होता. पानठेला टाळायला तो लांबच्या रस्त्याने घरी यायचा.

‘दादा, तू त सारे कागद पाह्यले. घेऊ का गा एखादी? जेवल्यावर तोंड कसं खाली खाली लागते.’

‘भाऊजी, तुम्ही नाही म्हना,’ त्याची बायको सुनंदा हसत म्हणाली. ‘मंग पाहू, कसे मांगतात हे!’

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मग, सही का केलीस, असं कुणी विचारलं असतं तर? मी म्हणालो, ‘खर्र्यापेक्षा बरं.’

वाक्य शास्त्रशुद्ध होतं. पण विलास खर्रा खातच नव्हता — मग मी तुलना कशाशी करत होतो?

पुडीने तलफ जागी केली. पुढे पुडीही आणि खर्राही. हळूहळू त्याचं तोंड उघडेनासं झालं; घास जाईना. गालाचा तुकडा तपासायला काढला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तो मीच पाहिला. कर्करोग होता. निदान मी अचूक लिहिलं.

परवा भेटायला गेलो. विलास दातांच्या फटीतून, थांबत थांबत बोलला, ‘तुहा काय दोष गा, दादा? मीच पुन्हा खर्र्याच्या मांगं लागलो. कोनाचं आयकलंच नाही मी.’ सुनंदा डोळे पुसत होती.

आणि मी — मी मान डोलावली.