मालकीणबाईची बोली

परवा मोहाडीतल्या एका दुकानात कुणीतरी जुना रेडिओ लावला आणि त्यातल्या तापलेल्या धुळीच्या वासासरशी मी लहानपणीच्या, जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये पोचले. तिथं आमच्या रेडिओवर एका कुटुंबाची विनोदी मालिका चालली होती. त्यात घरची माणसं शुद्ध बोलत. आमच्यासारखा बोलायचा तो फक्त बावळट गडी. आम्ही खदखदून हसत होतो. आईनं कणकेच्या हातानंच रेडिओ बंद केला.

"अवो, गंमत हाये थे," बाबा म्हणाले.

"मंग मालकीन काहून नाई बोलत आपल्यासारखी?" असं म्हणून आई कंबरेवर हात ठेवून स्वतःच मालकीण झाली. "गड्या, मले चहा आन!"

ती मालिका पुन्हा आमच्या घरात लागली नाही. तेव्हा मी रुसले होते. आज माझ्या बोलण्याला कुणी हसलं, तर तेच वाक्य मी आणखी मोठ्यानं म्हणते.