रविवारचा पत्ता

समोरून येणाऱ्या माणसाला ते हात आडवा करून थांबवायचे, शर्टाच्या खिशातून कार्डांची चळत काढायचे, पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे आणि विचारायचे, “काय बदललं काय?” माणूस घाईत आहे, हातात दळणाचा डबा आहे, मागे बायको खोळंबली आहे, ह्याचं त्यांना काही नसे. तुमच्याही गावात असा एखादा असेल आणि त्याला लांबून पाहून तुम्हीही रस्ता बदलला असेल. मी तर पेणच्या एसटी स्टँडवर त्यांना चुकवायला एकदा भलत्याच गाडीत चढलो आणि उगाच वडखळपर्यंत जाऊन आलो.

पेणमध्ये ते एका औषधाच्या दुकानात कामाला होते. सगळे त्यांना काका म्हणत. मी तेव्हा रामवाडीत खोली घेऊन राहत होतो आणि डोकेदुखीच्या गोळ्या त्यांच्याकडूनच आणत होतो. डोकेदुखीचं निम्मं कारण तेच होते, ही गोष्ट वेगळी.

त्या काळी आमच्या भागात रक्तपेढी नव्हती. कोणाला रक्त लागलं की अलिबागला माणूस धाडायचा, नाहीतर रक्त देणारा जिवंत माणूसच धरून आणायचा आणि रोग्याच्या शेजारच्या खाटेवर झोपवायचा. असा माणूस कुठे सापडेल हे सांगणं काकांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. औषधांच्या रिकाम्या खोक्यांत त्यांची कार्डं असत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून ती बनवलेली. एका बाजूला रक्तगट आणि पत्ता, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त.

मी नुकतंच ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र घेतलं होतं. माहिती म्हणजे काय, ती कशी गोळा करावी, तिचं वर्गीकरण कसं करावं, ह्यावर पानंच्या पानं लिहून पास झालो होतो. त्यामुळे त्यांची खोकी पाहिली आणि माझा जीव वरखाली झाला. नावांचा क्रमच नव्हता! मी म्हटलं, “काका, ही अकारविल्हे लावा. दोन मिनिटांत सापडेल.”

“नाव घेऊन कोन येतो, मास्तर?” ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकांशी संबंध असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर. “रडत येनाऱ्याला रक्त पायजे आसतं. त्याला नाव काय म्हायती?”

त्यांनी कार्डं आधी रक्तगटावर लावली होती आणि मग माणूस कोणत्या वेळी कुठे असतो, त्यावर. एका कार्डावर लिहिलं होतं, ‘दोन ते चार झोपतो. उठवला तर चिडतो, पण येतो.’ दुसऱ्यावर, ‘शनिवारी मारुतीच्या देवळात. प्रसाद घेतल्याशिवाय उठत नाही.’ तिसऱ्यावर, ‘संध्याकाळनंतर उपयोग नाही.’ ह्याला माहिती म्हणायचं की चहाड्या, ह्यावर मी त्यांच्याशी तासभर हुज्जत घातली. शेवटी त्यांनी मला गोळ्यांची पुडी दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. शाई का नाही विचारलं तर म्हणाले, “मानूस शाईनं ल्हेयाचा नसतो. बदलतो तो.” आणि बदललं का ते पाहायला दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या मागे. बायकोनं सांगितलेलं चालायचं नाही, भावानं सांगितलेलं चालायचं नाही; ज्याचं त्याच्या तोंडून. एकदा मी म्हटलं, शेजारी सांगतोय ना तो इथेच राहतो म्हणून? तर म्हणे, “शेजाऱ्याचं रक्त घेयाचंय काय?”

माझं दुर्दैव असं की माझा गट ओ निगेटिव्ह. कोणालाही चालणारा आणि सहसा न मिळणारा. हे कळल्या दिवसापासून त्यांनी माझा जो पिच्छा पुरवला तो मला रोह्याच्या कॉलेजात ग्रंथपालाच्या हाताखाली नोकरी लागली तरी सुटला नाही. गुरुवारी दुकान बंद असे. त्या दिवशी ते एसटीनं रोह्याला यायचे, वाचनालयाच्या शांततेत खणखणीत आवाजात विचारायचे, “मलेरिया झालावता काय? दारू?” आणि सगळी पोरं पुस्तकांतून माना वर काढायची.

पण कळस झाला तो कोलाडला. माझा साखरपुडा होता. मंडळी जमलेली, मी पाटावर बसलेला, आणि दारात काका. रोह्यात मी सापडलो नाही म्हणून विचारत विचारत थेट तिथवर आले होते. “गडबड हाय, व्हय?” असं म्हणून त्यांनी कार्ड काढलं. “येकच सांगा. वर्षात कावीळ झालीवती काय?”

होणाऱ्या सासूबाईंच्या हातातलं ताम्हन तसंच राहिलं. सासरे, भातशेती करणारे साधे गृहस्थ, मला पडवीत घेऊन गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “जावयबापू, काय आसंल ते आताच सांगा. राग नाय धरनार.” काका मात्र लाडू खाऊन, सगळ्यांना नमस्कार करून, जाता जाता माझ्या मेहुण्याचा रक्तगट विचारून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पुन्हा ह्या माणसाला सासरच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू द्यायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

लग्नानंतर आम्ही दर रविवारी सकाळी कोलाडला जायचो, रात्री परत. पुढच्या फेरीत काकांनी विचारलं, “रयवारी घरीच?”

“घरीच.”

“नक्की ना?”

“अहो काका, नक्की! लिहा आणि मला सोडा.”

त्यांनी लिहिलं.

त्यानंतरच्याच एका रविवारी पेणच्या एका दवाखान्यात खाडीकडच्या गावातली एक बाई बाळंत झाली. नवरा मिठागरात कामाला. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. काकांनी माझं कार्ड काढलं आणि मोटरसायकलवरून एकाला रोह्याला धाडलं. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, बाजारात गेले असतील, येतील इतक्यात. तो बिचारा तासभर पायरीवर बसून राहिला आणि मग रिकामा परत गेला. मी तेव्हा कोलाडला वालाचं बिरडं आणि भात खाऊन आडवा झालो होतो. अलिबागहून बाटली आली तेव्हा बाई गेलेली होती.

गुरुवारी काका आले, तोवर ही बातमी पेणहून माझ्यापर्यंत पोहोचली होती. मी उभाच राहिलो. त्यांनी कार्ड काढलं.

“रयवारी कुटं आसता?”

“कोलाडला. सासरी.”

“तितं फोन कुनाकडं हाय?”

“भाताच्या गिरणीत.”

त्यांनी लिहून घेतलं. मग बराच वेळ खाली मान घालून आणखी काहीतरी लिहीत राहिले. मी विचारलं, “काका, मी वेळेवर आलो असतो तर?”

“डाक्टरलाबी सांगता येत नाय,” ते म्हणाले. “पोरगी बरी हाय.” आणि चहा न घेता निघाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. हो, त्यांचाच. एक शिवी हासडली असती, चार माणसांत माझी लाज काढली असती, तर मी भांडलो असतो, रडलो असतो, मोकळा झालो असतो. पण त्यांनी फक्त लिहून घेतलं. त्या कार्डावर आपला गुन्हा लिहिलेला आहे आणि तो पेणच्या खोक्यात कायमचा पडून आहे, असं मनात धरून मी वर्षानुवर्षं त्यांच्याशी कामापुरतं बोललो. पुढे तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा मी कार्डावरच्या जागी सापडलो आणि तिन्ही वेळा सुई टोचताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग रक्तपेढ्या आल्या, नियम आले, दुकान दुसऱ्यानं घेतलं. काका गेल्याचं मला महिनाभरानं कळलं. भेटायला गेलो तर काकूंनी खोकी पुढ्यात ठेवली.

“तुमी पुस्तकातली मानसं,” त्या म्हणाल्या. “रद्दीवाल्याला देयाला माजा हात होत नाय.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “त्या मेलेल्या बाईचा घोव आलावता दुकानात. कोन तो रक्तवाला, मला नाव सांगा म्हनून वरडत होता. ह्यांनी कार्ड वाचून दाखवलं. मंग ह्यांच्याच आंगावर धावला, शर्ट फाडला. हे गप बसून ऱ्हायले.”

माझं कार्ड शोधायला वेळ लागला नाही. त्यांची पद्धत आता मला पाठ होती. ‘रविवार, घरी’ हे खोडरबरानं पुसलेलं, तरी उजेडात वाचता येत होतं. शेजारी कोलाड, गिरणीचा फोन. आणि खाली, साऱ्या खोक्यांत फक्त तिथेच, शाईनं: ‘रविवारचं विचारायचं राहून गेलं. चूक माझी.’

ज्यानं शेजाऱ्याच्या शब्दावर कोणाचा साधा पत्ता लिहिला नाही, त्यानं हे लिहिलं होतं. मी तिथेच बसलो आणि काकूंसमोर ढसाढसा रडलो. मग त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि त्या ओळीखाली लिहिलं, ‘विचारलं होतं. मी खोटं सांगितलं.’ सही केली.

कार्ड दुरुस्त झालं. पण ते ज्याला वाचून दाखवलं होतं तो मिठागरातला माणूस अजून हयात आहे, आणि त्याची मुलगी लग्नाची झाली आहे, असं काकूंनीच सांगितलं. पेणहून त्या गावाला जायला अर्धा तास लागतो. मी अजून गेलेलो नाही.